सनदेची ओळ आणि घरातली माणसं : ब्रिटिश उमराव घराण्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

नोव्हेंबर १९६० मध्ये पहिले व्हायकाउंट स्टॅन्सगेट वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी वारले आणि ब्रिस्टल साउथ-ईस्ट मतदारसंघाने आपला खासदार गमावला. हे खासदार म्हणजे त्यांचे चिरंजीव अँथनी वेजवुड बेन, पुढे टोनी बेन या नावाने गाजलेले मजूर पक्षाचे नेते. बेन तेव्हा पस्तीस वर्षांचे होते, धडधाकट होते. त्यांनी राजीनामा दिला नव्हता, त्यांच्यावर खटला नव्हता आणि मतदार त्यांच्यावर खूश होते. फक्त वडील गेले होते. वडील वंशपरंपरागत उमराव असल्यामुळे त्यांचा श्वास थांबताच मुलगा दुसरा व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाला, आणि उमरावाला तेव्हा हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसण्याची मुभा नव्हती. दोन-चार दिवसांत ते पार्लमेंटमध्ये गेले, तर सभागृहाचं दार त्यांच्यासाठी बंद झालेलं होतं.

लॉर्ड म्हटलं की आपल्यासमोर उभे राहतात ते गव्हर्नर, व्हाइसरॉय, एखादा हलवलेला पुतळा किंवा रस्त्याची जुनी पाटी. लॉर्ड आपल्याला भेटला तो सरकारी पोशाखात. घरी तो कोण होता, कुणाचा थोरला, कुणाचा धाकटा, त्याच्या मुलींचं काय झालं, त्याचं पद कुणाकडे गेलं आणि कुणाकडे जाऊ शकलं नाही, हे विचारायची वेळ आपल्यावर फारशी आली नाही. या ग्रंथातले लेख याच प्रश्नांभोवती फिरतात. वाचकाने ब्रिटनच्या इतिहासाची उजळणी करून यावं अशी अपेक्षा नाही. एक साधं सूत्र हाताशी असलं की या दालनात कुठूनही शिरता येतं. ते सूत्र असं : उमरावपद ते भोगणाऱ्या माणसाच्या मालकीचं नसतं, त्याच्या कुटुंबाच्याही मालकीचं नसतं. ते सनदेतल्या एका ओळीच्या ताब्यात असतं.

ती ओळ अशी. राजा एखाद्याला उमराव करतो तेव्हा राजमुद्रेची सनद निघते. तिच्यात पदाचं नाव असतं आणि ते पुढे कुणाकडे जाणार याची तरतूद असते. बहुतेक सनदांमध्ये ही तरतूद ठराविक आहे : हे पद धारण करणाऱ्याकडे आणि त्याच्यानंतर त्याच्या देहापासून, कायदेशीर विवाहातून झालेल्या पुरुष वारसांकडे. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन या पाचही पायऱ्यांवर हीच घडण दिसते. काही जुन्या इंग्लिश बॅरनी आणि कित्येक स्कॉटिश पदं तेवढी वेगळ्या वाटेने जातात. पद विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, मृत्युपत्राने देता येत नाही. आपल्याकडे वतनाच्या तक्षिमा पडत आणि भाऊबंद चार-चार आण्यांचे धनी होत. उमरावपदाला तक्षीम नाही. थोरल्याला सगळं, बाकीच्यांना नावामागे एखादं शिष्टाचाराचं बिरुद. उमरावाचे धाकटे मुलगे कायद्याने सामान्य प्रजाजन. म्हणूनच ते सैन्यात, चर्चमध्ये, वकिलीत आणि वसाहतींच्या कारभारात उतरत. आपल्याकडे आलेले कितीतरी 'ऑनरेबल' साहेब अशा धाकट्या मुलांपैकी होते. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हेही एका लॉर्ड एल्फिन्स्टनचे धाकटे चिरंजीव होते.

जमीन ही वेगळी गोष्ट, हेही आरंभीच लक्षात ठेवायला हवं. वाडा आणि इस्टेट कौटुंबिक करारांनी बांधलेली असे, पद सनदेने. दोन्ही बहुधा एकाच माणसाकडे जात. पण कधी इस्टेट मुलीकडे आणि पद दूरच्या चुलतभावाकडे, अशीही फारकत होई. इंग्रजी कादंबऱ्यांत वडिलांच्या पश्चात घर सोडावं लागणाऱ्या मुली भेटतात, त्यांच्या दुःखाचं मूळ या कागदपत्रांत आहे.

या ओळीत मुळात चार अटी आहेत : वारस पुरुष हवा, देहाचा हवा, कायदेशीर विवाहातला हवा, आणि चौथी, न लिहिलेली, म्हणजे वारसाला विचारण्याची गरज नाही. प्रत्येक अटीने कुठल्या ना कुठल्या घराला पेचात टाकलेलं आहे. सुरुवात चौथीपासून करू, कारण स्टॅन्सगेट घराण्याची कथा तिचीच आहे आणि तिचा एक धागा थेट सोलापूरपर्यंत येतो.

बेन हे काही मध्ययुगीन किल्ल्यातलं घराणं नव्हे. टोनी बेन यांचे आजोबा जॉन विल्यम्स बेन फर्निचरच्या धंद्यातले. त्यांनी १८८० मध्ये त्या धंद्याचं एक नियतकालिक काढलं, त्यातून प्रकाशनसंस्था उभी राहिली. १८८९ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलच्या पहिल्याच तुकडीत ते निवडून आले, १९१४ मध्ये बॅरोनेट झाले. बॅरोनेट नावामागे 'सर' लावतो आणि हे बिरुदही वंशपरंपरेने चालतं, पण तो उमराव नसतो. हे बिरुद थोरल्या अर्नेस्टकडे गेलं. धाकटे विल्यम, म्हणजे टोनी बेन यांचे वडील, यांच्या वाट्याला काही आलं नाही. त्यांनी जे मिळवलं ते स्वतःच्या बळावर.

याच घराण्याची एक शाखा वंशावळीच्या पुस्तकांत सहसा दिसत नाही. जॉन बेन यांचे वडील ज्युलियस हे काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक. १८८३ मध्ये त्यांच्या मानसिक रुग्ण मुलाने, विल्यम रदरफर्ड बेन याने, त्यांचा जीव घेतला. त्याची रवानगी ब्रॉडमूरच्या इस्पितळात झाली. सुटल्यावर त्याने बेन हे आडनाव टाकलं. त्याची मुलगी मार्गारेट रदरफर्ड पुढे पडद्यावरची मिस मार्पल म्हणून जगभर ओळखली गेली आणि तिला ऑस्करही मिळालं. वंशावळ लिहिणाऱ्याला ही शाखा लागत नाही, कारण तिच्यातून पद वाहत नाही. अभ्यासकाने मात्र नेमकं तिथे थांबावं. पदाची वंशावळ आणि घराण्याचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवर विसंबून दुसरी लिहिता येत नाही.

विल्यम वेजवुड बेन १९०६ मध्ये लिबरल पक्षाचे खासदार झाले. पहिल्या महायुद्धात वैमानिक दलात गेले आणि पदकं मिळवून परतले. १९२७ मध्ये त्यांनी मजूर पक्षात प्रवेश केला तेव्हा जुन्या पक्षाच्या मतांवर मिळालेली जागा त्यांनी सोडून दिली आणि पुढच्या वर्षी नव्या मतदारसंघातून ते पुन्हा निवडून आले. १९२९ मध्ये रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या सरकारात ते भारतमंत्री झाले. त्याच ऑक्टोबरात व्हाइसरॉय आयर्विन यांनी भारताच्या घटनात्मक वाटचालीचं साध्य वसाहतीचं स्वराज्य आहे असं जाहीर केलं, त्यामागे बेन यांची संमती होती आणि त्यापायी लंडनमध्ये त्यांना टीका सोसावी लागली. पण त्यांच्याच कारकिर्दीत मिठाचा सत्याग्रह झाला, मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्या वेळी लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मुकुंदराव जयकर तिथे हजर होते. उदारमतवादी भारतमंत्री आणि सोलापूरची फाशी ही एकाच चरित्रातली दोन पानं आहेत. एक पान झाकून दुसरं वाचण्याचा मोह दोन्ही देशांच्या लेखकांना झालेला आहे. हा ग्रंथ दोन्ही उघडी ठेवू पाहतो.

हे बेन उमराव कसे झाले? दुसऱ्या महायुद्धात संयुक्त सरकार होतं आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मजूर पक्षाची माणसं अगदीच थोडी होती. १९४२ च्या जानेवारीत ही उणीव भरून काढण्यासाठी काही जणांना उमरावपद दिलं गेलं. हा सन्मान नसून राज्यकारभाराची गरज आहे, असं तेव्हा मुद्दाम जाहीर करण्यात आलं. हयातीपुरतं उमरावपद देण्याची सर्वसाधारण सोय तेव्हा नव्हती, ती १९५८ च्या कायद्याने आली. म्हणजे लॉर्ड्समध्ये एका माणसाचं मत हवं असेल तर त्याच्या सगळ्या भावी वारसांना उमराव करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. विल्यम बेन यांनी थोरल्या मायकेलला विचारलं. त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं, त्याची हरकत नव्हती. धाकट्या अँथनीला कुणी विचारलं नाही. धाकट्याला विचारायचं कारणच काय? त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा हवाई दलात भरती झालेल्या या बापाने दोन्ही युद्धं अंगावर घेतली आणि त्यांतून तो वाचला, पण मायकेल जून १९४४ मध्ये हवाई दलात कामगिरीवर असताना दगावला. एका घरातलं हे दुःख. त्याच दिवशी त्यातून एक कायदेशीर पेचही जन्माला आला. ज्याला राजकारणात जायचं होतं तोच आता वारस झाला.

धाकटा अँथनी १९५० मध्ये ब्रिस्टलमधून खासदार झाला. त्याआधी, १९४८ च्या उन्हाळ्यात, ऑक्सफर्डला त्याची कॅरोलाइन डी कँप या अमेरिकन तरुणीशी गाठ पडली. ओळख होऊन नऊ दिवस झाले तेव्हा त्याने तिला एका बाकावर बसून मागणी घातली. पुढे त्याने तो बाक नगरपालिकेकडून विकत घेतला आणि लंडनच्या घरच्या बागेत आणून ठेवला. सिनसिनाटीहून आलेल्या या मुलीला आणि तिच्या पोटी येणाऱ्या पहिल्या मुलाला, दोघांनाही, त्या बाकावरच्या होकाराने एक बिरुद चिकटणार होतं. १९५५ मध्ये बेन यांनी हे ओझं उतरवण्यासाठी खास विधेयक आणलं. वडिलांचा त्यांना पाठिंबा होता. लॉर्ड्सने ते फेटाळलं.

मग १९६० आलं. रिकाम्या झालेल्या जागेसाठी ४ मे १९६१ रोजी पोटनिवडणूक झाली आणि बेन स्वतःच्याच जागेसाठी उभे राहिले. हा उमेदवार अपात्र आहे हे मतदारांना पुरतं ठाऊक होतं. तरीही त्यांना २३,२७५ मतं पडली आणि हुजूर पक्षाचे माल्कम सेंट क्लेअर यांना १०,२३१. निवडणूक न्यायालयात बेन यांनी स्वतः युक्तिवाद केला. निकाल विरुद्ध गेला आणि जागा हरलेल्या उमेदवाराला मिळाली. गंमत अशी की सेंट क्लेअर हेही तेव्हा एका उमरावपदाच्या वारसाच्या रांगेत उभे होते.

हा अन्याय एकट्या बेन यांचा राहिला असता तर कायदा किती लवकर बदलला असता, सांगता येत नाही. पण सत्ताधारी पक्षात पंतप्रधानपदाच्या शर्यतीत उतरू शकतील असे दोन बडे नेते, हेल्शम आणि होम, लॉर्ड्समध्येच अडकून पडले होते. नवी तरतूद पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर लागू करायची असा सरकारचा मूळ बेत होता. लॉर्ड्सनेच दुरुस्ती करून ती लगेच लागू केली. ३१ जुलै १९६३ रोजी पीअरेज ॲक्टला राजसंमती मिळाली आणि त्याच संध्याकाळी टोनी बेन यांनी पदत्यागाच्या दस्तावर सही केली. असं करणारे ते पहिले. सेंट क्लेअर यांनी दिलेला शब्द पाळून जागा सोडली आणि ऑगस्टमध्ये बेन परत निवडून आले. ऑक्टोबरात चौदावे अर्ल ऑफ होम यांनी याच वाटेने अर्लपद सोडलं. ते पंतप्रधान झालेलेच होते, आता त्यांना कॉमन्समध्ये यायचं होतं. समाजवादी बेन यांनी उघडलेल्या दाराचा सर्वांत मोठा लाभ हुजूर पक्षाला झाला.

हा कायदा वाचताना एक बारकावा डोळ्यांतून सुटू देऊ नये. पदत्याग फक्त त्यागणाऱ्याच्या हयातीपुरता असतो. पद मरत नाही, ते वाट पाहत राहतं. मार्च २०१४ मध्ये टोनी बेन गेले आणि थोरले स्टीफन तिसरे व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले. दुसरे चिरंजीव हिलरी बेन हे आधीपासून कॉमन्सचे खासदार आणि मंत्रीही झालेले; दुसरे असल्यामुळे त्यांना कधी काही सोडावंच लागलं नाही. मुलगी मेलिसा लेखिका, तिचं नाव वारसाच्या रांगेत मुळातच नाही. आणि २०२१ मध्ये स्टीफन बेन पोटनिवडणुकीतूनच हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये दाखल झाले. बापाने लॉर्ड्समधून सुटण्यासाठी पोटनिवडणूक लढवली आणि मुलगा पोटनिवडणुकीने तिथे गेला. याला विसंगती म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण सनदेच्या बाजूने पाहिलं तर दोघांनीही त्या त्या काळच्या नियमांनी दिलेली एकमेव वाट धरलेली दिसते.

बेन यांना बाहेर पडायचं होतं. त्यांच्या आधी वीस-एक वर्षं एका बंगाली गृहस्थाला आत जायचं होतं, आणि त्याला अडवत होती ती कायदेशीर विवाहाची अट.

सत्येंद्र प्रसन्न सिन्हा बीरभूम जिल्ह्यातल्या रायपूर गावचे. १८८० मध्ये हिंदू पद्धतीने त्यांचा गोविंदमोहिनी यांच्याशी विवाह झाला. पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले, लिंकन्स इनमधून १८८६ मध्ये बॅरिस्टर झाले, कलकत्त्यात नामांकित वकील झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसणारे ते पहिले भारतीय. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच होते; त्याच वर्षी गोखले आणि फिरोजशहा मेहता दोघेही गेले होते आणि मवाळांचा आधार खचला होता. १९१९ मध्ये ते भारतखात्याचे उपमंत्री झाले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचं विधेयक लॉर्ड्समधून पार पाडायचं तर तिथे बसायला हवं, म्हणून त्यांना 'रायपूरचे बॅरन सिन्हा' करण्यात आलं. इथेही तीच गोष्ट : गरज एका माणसाची, सनद पिढ्यान्‌पिढ्यांची.

१९२८ मध्ये ते वारले. थोरले अरुणकुमार दुसरे बॅरन म्हणून लॉर्ड्समध्ये बसू लागतील असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यांना हक्क सिद्ध करावा लागला. १८८० मध्ये झालेला हिंदू विवाह बहुपत्नीकत्वाला मुभा देणाऱ्या कायद्याखालचा होता. सिन्हांनी दुसरं लग्न केलं नव्हतं, पण करू शकले असते, आणि इंग्लिश कायदा अशा विवाहाकडे संशयाने पाहत असे. यामागे नुसता पूर्वग्रह नव्हता, एक खरा गुंताही होता. दोन पत्नी असत्या, धाकटीचा मुलगा आधी जन्मला असता, तर थोरला कोण? पद अविभाज्य असल्यामुळे याचं उत्तर टाळता येत नाही. हिंदू वारसा कायद्यात मुलगे वाटेकरी होतात, म्हणून तिथे हा प्रश्न इतका तीव्र नाही. १९३९ मध्ये लॉर्ड्सच्या विशेषाधिकार समितीने निकाल अरुणकुमारांच्या बाजूने दिला. पतिपत्नी साधारण ब्राह्मो समाजात गेले होते, त्या समाजात एकपत्नीत्व बंधनकारक होतं, आणि हा बदल मुलाच्या जन्माआधी झालेला होता. बंगालच्या धर्मसुधारणेचा एक निर्णय असा पन्नास वर्षांनी वेस्टमिन्स्टरमध्ये पुराव्याला आला. साम्राज्याचा कायदा आणि भारतीय कुटुंब यांची गाठ प्रत्यक्षात कशी पडे, हे पाहायला या निकालाइतकं सोयीचं दुसरं प्रकरण मला ठाऊक नाही.

पुरुष वारसाची अट सर्वांत उघड, आणि तीच सर्वांत चिवट ठरली. वेल्समधले कोळसा खाणींचे मालक डी. ए. थॉमस यांना मार्गारेट ही एकच मुलगी. बापलेक दोघेही १९१५ मध्ये लुसिटानिया बुडाली तेव्हा तिच्यावर होते आणि वाचले. १९१८ मध्ये थॉमस व्हायकाउंट ऱ्होंडा झाले तेव्हा सनदेत खास तरतूद करून पद मुलीकडे जाईल असं ठरवलं गेलं, आणि त्याच वर्षी ते वारले. पद मिळालं, पण लॉर्ड्समधली जागा? स्त्री म्हणून कुणाला सार्वजनिक पद नाकारू नये असं सांगणारा कायदा १९१९ मध्ये झाला होता. त्याच्या आधारे लेडी ऱ्होंडा यांनी १९२२ मध्ये दावा लावला. समितीने आधी अनुकूल कौल दिला, मग लॉर्ड चॅन्सलर बर्कनहेड यांच्या पुढाकाराने प्रकरण फिरवून आणलं गेलं आणि दावा फेटाळला गेला. १९५८ मध्ये स्त्रियांना हयातीपुरत्या उमरावपदाने प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी त्या वारल्या. पद असलेल्या वंशपरंपरागत स्त्रियांना जागा मिळाली ती १९६३ च्या, म्हणजे बेन यांच्या, कायद्यातच. राजसिंहासनाच्या वारसात मुलगा-मुलगी भेद २०१३ च्या कायद्याने गेला. उमरावपदांना तो बदल लागू झालेला नाही.

देहाच्या वारसाची अट मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल. ब्रिटिश उमरावाला दत्तक घेऊन पद पुढे चालवता येत नाही. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने अमान्य केला आणि राज्य खालसा केलं. हा डलहौसी स्वतः वंशपरंपरागत उमराव होता, दहावा अर्ल; हिंदुस्थानातल्या कामगिरीबद्दल त्याला १८४९ मध्ये मार्क्विसपद मिळालं. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. १८६० मध्ये तो वारला तेव्हा मार्क्विसपद संपलं आणि जुनं अर्लपद फॉक्स मॉल या चुलतभावाकडे गेलं. याला काव्यगत न्याय म्हणून टाळी वाजवावीशी वाटेल, पण अभ्यासकाने हात आवरावा. डलहौसीचा निर्णय साम्राज्याच्या राजकारणातला होता, त्याचं पद संपलं ते सनदेच्या शब्दांमुळे. तरीही एक प्रश्न रास्त आहे : ज्या वर्गाच्या घरी दत्तकाने वारसा चालतच नव्हता, त्याला आपल्याकडच्या दत्तकाचं धार्मिक आणि कायदेशीर वजन कितपत जाणवलं असेल? याचं उत्तर पत्रव्यवहारात शोधायला हवं, अंदाजाने देऊन चालणार नाही.

याच अटीतून अँपथिल घराण्याचा खटला उभा राहिला. हे घराणं आपल्याकडे मद्रासचे गव्हर्नर असलेल्या आणि १९०४ मध्ये हंगामी व्हाइसरॉय झालेल्या दुसऱ्या बॅरनमुळे माहीत आहे. त्यांच्या थोरल्या मुलाने १९२१ मध्ये जन्मलेल्या जेफ्रीचं पितृत्व नाकारलं. पतीपत्नीत संबंध आले नव्हते अशी साक्ष त्यांच्यापैकी कुणालाही देता येणार नाही, असा निकाल लॉर्ड्सने १९२४ मध्ये दिला, आणि १९२६ मध्ये न्यायालयाने मुलाला औरस ठरवलं. पन्नास वर्षांनी पद रिकामं झालं तेव्हा सावत्रभावाने पुन्हा हरकत घेतली. १९७६ मध्ये समितीने जुना निवाडा अंतिम मानला. चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, प्रिव्ही कौन्सिलने एका बॅरोनेटपदाच्या वादात डीएनएचा पुरावा स्वीकारला. त्यानंतर कुठल्याही जुन्या वंशावळीकडे पाहताना मनात नवी शंका येणं साहजिक आहे.

आता साधनांबद्दल. बर्कचं पीअरेज १८२६ पासून निघत आलं, डेब्रेट त्याहून जुनं. दोन्ही हाताशी असावीत, पण बर्कच्या जुन्या आवृत्त्यांत घराण्यांनी पुरवलेल्या दंतकथाही आहेत. होरेस राउंड या इतिहासकाराने त्या झोडपून काढल्या. कोकेन यांनी सुरू केलेलं 'कम्प्लीट पीअरेज' अधिक विश्वासाचं. विशेषाधिकार समितीपुढच्या साक्षी म्हणजे कौटुंबिक इतिहासाची खाण. 'लंडन गॅझेट'मध्ये पदं जाहीर होतात, पार्लमेंटच्या कामकाजाच्या अहवालात वाद सापडतात. वर्ग म्हणून उमरावांकडे पाहायचं असेल तर लॉरेन्स स्टोन यांचा १९६५ मधला 'द क्रायसिस ऑफ द ॲरिस्टॉक्रसी' आणि डेव्हिड कॅनडाइन यांचा १९९० मधला 'द डिक्लाइन अँड फॉल ऑफ द ब्रिटिश ॲरिस्टॉक्रसी' हे दोन ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही. पहिला आर्थिक ओढाताण दाखवतो, दुसरा जमीन, सत्ता आणि प्रतिष्ठा या तिन्हींची एकत्र घसरण मांडतो.

या पुस्तकांत स्त्रिया सहसा कुणाच्या तरी पत्नी किंवा माता म्हणून एका ओळीत येतात. टोनी बेन यांच्या आई मार्गारेट या धर्मशास्त्राच्या अभ्यासक होत्या, चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळावी म्हणून त्या आयुष्यभर झगडल्या, आणि काँग्रिगेशनल फेडरेशनच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पदाच्या नोंदीत त्या फक्त व्हायकाउंटेस आहेत. असं दिसलं की दुसरीकडे शोध घ्यायचा, ही सवय या क्षेत्रात लवकर लावून घ्यावी.

हा विषय संपत आलेल्या संस्थेचा आहे, मग आताच का, असं कुणी विचारेल. १९९९ च्या कायद्याने सहाशेहून अधिक वंशपरंपरागत उमरावांचा लॉर्ड्समधला हक्क गेला, ब्याण्णव जागा तडजोड म्हणून उरल्या. त्याही काढून टाकण्याचं विधेयक २०२४ मध्ये सरकारने मांडलं. नवी वंशपरंपरागत पदं देणं १९६५ नंतर जवळजवळ थांबलंच. मार्गारेट थॅचर यांनी ती प्रथा १९८३ मध्ये जागवली तेव्हा ज्या दोघांना व्हायकाउंट केलं, त्यांपैकी व्हाइटलॉ यांना चारही मुली आणि टोनिपँडी अविवाहित. दोन्ही पदं त्यांच्याबरोबरच संपली. पण सभागृहातली जागा गेली म्हणून पद जात नाही. आजही सुमारे आठशे वंशपरंपरागत उमराव आहेत, वाडे आहेत, दफ्तरं आहेत, आणि ती दफ्तरं राजकारणाचा ताण ओसरल्यावर अभ्यासकांना अधिक मोकळेपणाने खुली होतात. त्यांत हिंदुस्थानातून घरी धाडलेली पत्रं, हिशेब, आजारपणं, लग्नाच्या बोलण्या भरपूर आहेत. आपल्या इतिहासाचा तो भाग मराठी जाणणाऱ्या, मोडी वाचणाऱ्या अभ्यासकाने पाहिल्याशिवाय पुरा उलगडणार नाही. त्यातली गावं आणि माणसं ओळखायला दुसरं कोण आहे?

सुरुवात कुठून करायची, तर जवळच्याच एखाद्या नावापासून करावी. मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड हे स्थानक आहे. ते नाव १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या अकराव्या लॉर्ड रे यांचं. ते जन्मले हेगला, नेदरलँड्सच्या संसदेत बसले आणि मग ब्रिटिश नागरिक झाले. त्यांच्याकडे एकाच नावाची दोन पदं होती : एक जुनं स्कॉटिश, दुसरं १८८१ मध्ये मिळालेलं. त्यांना मूल नव्हतं. १९२१ मध्ये ते वारले तेव्हा नवं पद त्या क्षणी संपलं आणि जुनं एका डच चुलतभावाकडे गेलं. एक माणूस, एक मृत्यू, पण दोन सनदांची दोन निरनिराळी उत्तरं. ती तशी का आली, हे ज्याला आता स्वतःहून सांगता येईल, त्याने प्रस्तावना इथेच मिटावी आणि पहिल्या लेखाकडे वळावं.